‘नंतर’ आणि ‘मुळे’

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. परीक्षेत तिचा अर्थ लिहून दोन गुणही मिळवले आहेत. पण ज्या फांदीवर आपण स्वतःच बसलो आहोत ती कडकडू लागली, म्हणजे ही म्हण काही आठवत नाही. त्या वेळी डोळ्यांसमोर फक्त कावळा दिसतो.

२०१८ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती. भात कापून खळ्यावर आले होते. अशा वेळी डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या गावांखाली जमीन हादरू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी ही नावे त्या हिवाळ्यात वर्तमानपत्रांत वारंवार झळकली. एखादा मोठा भूकंप होतो आणि त्याच्यामागून लहान धक्के येत येत थांबतात, अशी आपली समजूत असते. इथे तसे घडले नाही. लहान लहान धक्के येत राहिले, आणि त्यांतला मुख्य कोणता हे काही ठरेना. वरात चालली आहे आणि नवरदेव कोण ते ओळखू येत नाही, असा प्रकार. शास्त्रज्ञ याला भूकंपांची झुंड म्हणतात. धक्क्याबरोबर जमिनीतून धडाम असा आवाज येई. भांडी वाजत, भिंतींना तडे जात. थंडीचे दिवस असूनही माणसे मुलाबाळांना घेऊन अंगणात झोपू लागली. पुढे मोकळ्या जागांवर तंबू उभे राहिले.

माझ्या वर्गात तलासरीकडची मुले बरीच असतात. त्यांच्यापैकी एकाच्या आग्रहावरून मी त्या डिसेंबरात एका पाड्यावर गेलो होतो. संध्याकाळी मंडळी जमली होती. जो तो कारण सांगत होता. एक जण म्हणाला, खडीच्या खाणीत सुरुंग लावतात, त्याने हे झाले. दुसरा म्हणाला, धरणाचे पाणी खाली खाली उतरते आहे. तिसऱ्याने मोबाइलवर आलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला की, अमक्या तारखेला मोठा धक्का येणार आहे. धरतरी, गावतरी आणि कणसरी या वारली समाजाच्या आया. जमीन, गाय आणि धान्य यांच्या माता. एक म्हातारी बाजूला बसून होती, ती एवढेच म्हणाली, ‘‘धरतरी हाय, हलायचीच.’’

त्या गर्दीत एक सरकारी गृहस्थही आले होते. माणूस भला होता, चार रात्री झोपलेला नसावा. त्यांनी उभे राहून सांगितले, ‘‘मंडळी, घाबरण्याचे कारण नाही.’’

यावर एका म्हाताऱ्या बाबांनी विचारले, ‘‘साहेब, कारण नाही, का कारण ठाऊक नाही?’’

सगळे हसले. साहेबही हसले. मला मात्र हसू आले नाही. पंधरा-सोळा वर्षे मी तर्कशास्त्र शिकवतो आहे. एवढा नेमका प्रश्न माझ्या वर्गात कोणी विचारलेला नव्हता. आजचे हे भाषण म्हणजे त्या बाबांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा. उत्तर पुरे आहे असे मात्र समजू नका.

‘कारण’ या शब्दाकडेच आधी पाहू. ‘छपर गळते, कारण कौल फुटले आहे,’ असे आपण म्हणतो. इथे कौल फुटले हे खरोखरच गळण्याचे कारण आहे. आता दुसरे वाक्य घ्या. ‘रात्री पाऊस पडला असला पाहिजे, कारण अंगण ओले आहे.’ अंगण ओले झाले म्हणून काही पाऊस पडत नाही! उलटेच आहे. इथे ‘कारण’ हा शब्द घडलेल्या गोष्टीचे मूळ सांगत नाही. मी असे का मानतो ते सांगतो. म्हणजे तो पुरावा आहे. आणि ‘घाबरण्याचे कारण नाही’ यात तिसराच अर्थ आहे, प्रयोजनाचा. एकच बैल आपण नांगराला, गाडीला आणि मोटेला जुंपतो. शहाणा बैल तिन्ही कामे करतोही. पण या घटकेला तो कशाला जुंपलेला आहे हे मालकाला कळले पाहिजे.

आता भाषेतली याहून बारीक जागा सांगतो. मराठीत ‘ऊन’ लावून आपण दोन क्रिया जोडतो. ‘तो जेवून झोपला.’ आधी जेवला, मग झोपला; एवढेच. जेवणामुळे झोपला असे कोणी मानत नाही. ‘तो विहिरीत पडून मेला.’ इथे मात्र पडल्यामुळेच मेला असे आपण क्षणात समजतो. प्रत्यय तोच आहे. व्याकरणाने पहिल्या वाक्यात जेवढे सांगितले तेवढेच दुसऱ्यात सांगितले, की हे आधी आणि ते नंतर. ‘मुळे’ हा अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या पदरचा घातला. तो कुठून आणला? जगाच्या अनुभवातून. विहिरीत पडलेला माणूस मरतो हे आपल्याला ठाऊक आहे.

आता तिसरे वाक्य: ‘पोरगा पावसात भिजून आजारी पडला.’ हे कोणत्या जातीचे? जेवून झोपल्याच्या, की विहिरीत पडून मेल्याच्या? तुम्ही म्हणाल, भिजल्यामुळेच आजारी पडला, त्यात विचारायचे काय! असेल. पण त्याच आठवड्यात शेजारच्या घरी ताप होता, आणि पाणी गढूळ होते, हेही घडलेले असू शकते. वाक्याने त्याविषयी काहीच सांगितलेले नाही. तुमच्या मनाने ठरवले.

मी वर्गात एक खेळ करतो. शिक्षक मंडळींनी तो जरूर करून पाहावा. खर्च काही नाही. मुलांना दोन वाक्ये सांगायची: ‘रात्री खाणीत सुरुंग उडाला. पहाटे जमीन हादरली.’ मग दुसरे काही शिकवायचे, आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, काल मी काय सांगितले ते लिहा. बरीच मुले लिहितात, ‘सुरुंग उडाला म्हणून जमीन हादरली.’ कोणी लिहितो, ‘सुरुंगामुळे भूकंप झाला.’ मी फळ्यावर मूळची वाक्ये लिहून दाखवली तर मुले भांडतात, ‘‘नाही सर, तुम्हीच तसं म्हणाला होतात!’’ ती खोटे बोलत नाहीत. त्यांना तसेच आठवत असते. वाक्ये विरून जातात, आणि त्यांतून मनाने बांधलेली गोष्ट शिल्लक राहते. त्या गोष्टीत ‘म्हणून’ कधी शिरला ते त्यांचे त्यांनाही सांगता येत नाही.

यात मुलांचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. हा भरणा आपण केला नाही तर बोलणेच अशक्य होईल. ‘आई माहेरी गेली. चूल थंड आहे.’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळे कळते. प्रत्येक दुवा तोंडाने सांगायचा म्हटला तर एका निरोपाला दिवस पुरणार नाही. अडचण एवढीच, की ज्या विषयात आपल्याला अनुभव आहे तिथे मन जितक्या सहजतेने दुवा जोडते, तितक्याच सहजतेने जिथे काही ठाऊक नाही तिथेही जोडते. जोडताना खटका वाजत नाही. चुलीविषयी आपल्याला ठाऊक आहे. जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खाली काय चालते, हे आपल्यापैकी कोणी पाहिले आहे?

आपल्याकडचे नैयायिक या बाबतीत फार दक्ष होते. मडके घडते ते कशामुळे, असा त्यांचा आवडता प्रश्न. माती पाहिजे, चाक पाहिजे, चाक फिरवायला दांडा पाहिजे, कुंभार पाहिजे. आणि माती वाहून आणणारे गाढव? ते तर मडक्याच्या आधी हजर होते! पण गाढवाला मडक्याचे कारण मानायला नैयायिक तयार नाहीत. माती डोक्यावरून आणली असती तरी मडके झालेच असते. जे आधी हजर असते, पण ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याला त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ असे भारदस्त नाव दिले. अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने हाच धागा आणखी ताणला: एकामागून एक घडताना आपण पाहतो, त्यांना बांधणारी दोरी काही डोळ्यांना दिसत नाही, ती सवयीने आपण मानतो. ह्यूम मोठा खराच. पण खेडोपाडी सांगायला मला कुंभाराचे गाढव अधिक सोयीचे वाटते.

मग चाक कोणते आणि गाढव कोणते, हे ओळखायचे कसे? यासाठी तुम्हांला थोडा वेळ तलासरीहून दक्षिणेला, साताऱ्याच्या डोंगरात घेऊन जातो.

कोयनेच्या धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले. त्यानंतर तिकडे लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाचे भय नसलेली जागा, असे तेव्हा मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. दीडशेहून अधिक माणसे गेली. लोक म्हणाले, धरणामुळे झाले. श्रोतेहो, नीट पाहिले तर त्या दिवशी त्यांच्याजवळ पुरावा कोणता होता? ‘नंतर’ एवढाच. धरणानंतर भूकंप. कावळा आणि फांदी. त्या दिवशी कोणी ‘कशावरून?’ असे विचारले असते तर ते विचारणे गैर नव्हते.

पण पुढे ‘नंतर’च्या जोडीला आणखी गोष्टी आल्या. धक्के उगीच कुठेही होत नव्हते, जलाशयाच्या आसपासच होत होते. एकदाच होऊन थांबले नाहीत. पावसाळ्यात शिवसागर जलाशय भरतो, आणि पाणी चढल्यानंतरच्या महिन्यांत धक्क्यांचे प्रमाण वाढते, असे वर्षानुवर्षे नोंदले गेले. ‘धरण नसते तर भूकंप झाला असता का?’ हा प्रश्न सरळ सोडवता येत नाही; धरण पुसून टाकून १९६७ साल पुन्हा आणता येत नाही. पण पाणी चढते आणि उतरते. निसर्गच तो प्रयोग दरवर्षी थोडाथोडा करून दाखवतो. अर्धे शतक असा पडताळा मिळाल्यावर कोयनेचे ‘नंतर’ हे ‘मुळे’ झाले. जलाशयाशी जोडल्या गेलेल्या भूकंपांचे उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते.

तरीसुद्धा ‘मुळे’ जपून म्हणावे लागते. खडकांत ताण आधीपासून होता. पाण्याच्या भाराने आणि फटींत झिरपलेल्या पाण्याच्या दाबाने खडकांची एकमेकांवरची पकड सैल झाली, असे शास्त्रज्ञ सांगतात. पिकलेले फळ वाऱ्याने पडते. वारा काही फळ पिकवत नाही. आपल्या भाषेत याला सुरेख शब्द आहे: निमित्त. कारण वेगळे, निमित्त वेगळे. या भेदासाठी आपल्याला एक शब्द पुरतो. आणि हे सगळे ठाऊक असूनही आत नेमके काय घडते ते पाहण्यासाठी कोयनेच्या परिसरात जमिनीत सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडावे लागले. त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ आहे. सर्वांत स्पष्ट समजलेल्या उदाहरणाची ही कथा!

आता किल्लारी. मी तेव्हा शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. हजारो माणसे गेली, ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे अंगावर कोसळून. त्या भागात आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्के बसले होते. ही आठवण महाराष्ट्राच्या मनात खोल रुतली आहे. तलासरीत तंबूत झोपलेल्या माणसाला कोणी सांगितले की, किल्लारीलाही आधी असेच बारीक धक्के होते, तर त्याला झोप कशी लागावी?

उलट मी असेही म्हणताना ऐकले की, बारीक धक्के बसतात ते बरेच. जोर निघून जातो, मोठा येत नाही. ऐकायला गोड आहे. पण हिशेब जमत नाही. भूकंपाची तीव्रता एका अंकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट वाढते. म्हणजे ४ आणि ६ यांत दोन अंकांचे अंतर दिसते, पण ऊर्जेत फरक हजारपटीचा. ६ तीव्रतेच्या भूकंपाचा जोर बारीक बारीक धक्क्यांनी काढायचा तर ४ तीव्रतेचे सुमारे हजार धक्के बसावे लागतील. चमच्याने विहीर उपसण्यातला प्रकार.

मग बारीक धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, हे खरे का? तेही नाही. आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, शहापूरकडे, भातसा धरण भरताना १९८३ मध्ये धक्क्यांची मालिका झाली होती. त्यांतले मोठे धक्के पाचाच्या आतच राहिले. पुढे किल्लारीसारखा अनर्थ झाला नाही. किल्लारीची आठवण सर्वांना आहे, भातसाची किती जणांना आहे? जिथे काही घडत नाही तिथली गोष्ट कोणी सांगत नाही. आणि जी गोष्ट सांगितली जात नाही ती आपल्या हिशेबात येत नाही.

पुन्हा तलासरीला येऊ. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंप विज्ञान केंद्र यांनी तिथे यंत्रे बसवली. धक्के उथळ आहेत, लहानशा क्षेत्रात एकवटलेले आहेत, हे दिसून आले. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपून तिथला दाब वाढत असावा, आणि आधीच ताणलेल्या भेगा त्याने सरकत असाव्यात, असे मत शास्त्रज्ञांनी मांडले. मत विचार करण्यासारखे आहे. कोयनेच्या अनुभवाशी जुळणारे आहे. पण त्या बाबांसारखा कोणी विचारील, ‘‘पाऊस तर दरसाल पडतो. मग २०१८ लाच का? आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत मोठे धक्के का?’’ पाणी खोल मुरायला वेळ लागतो, हे एक उत्तर होऊ शकते. पण ‘होऊ शकते’ आणि ‘आहे’ यांत जे अंतर आहे ते आपण पायाखाली घालता कामा नये.

खरी घसरण इथेच होते. मराठीने आपल्याला अनिश्चितता तोलायला बारीक वजने दिली आहेत. ‘आला’ म्हणजे मी पाहिले. ‘आला असेल’ म्हणजे माझा अंदाज. ‘आला असावा’ म्हणजे अंदाजाला काही आधार आहे. ‘आला म्हणे’ म्हणजे दुसऱ्याने सांगितले, जबाबदारी माझी नाही. सोनाराच्या तराजूतल्या गुंजा आहेत या. पण बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना सर्वांत आधी या गुंजाच गळतात. शास्त्रज्ञ म्हणतो, ‘जमिनीत मुरलेल्या पाण्याचा याच्याशी संबंध असावा.’ मथळ्यात ‘असावा’ बसत नाही, म्हणून होते ‘पाण्यामुळे भूकंप.’ नाक्यावर येईपर्यंत पावसाच्या पाण्याचे धरणाचे पाणी होते. रात्री पाड्यावर पोहोचते ते असे: ‘धरण फुटणार.’ सुरुवातीला कोणी खोटे बोलले नव्हते. आणि शेवटच्या वाक्यात एक ‘म्हणे’ जरी शिल्लक असता, तरी त्या रात्री काही घरे निजली असती.

अलीकडे मोबाइलातले यंत्रही प्रश्नाला मराठीत उत्तर देते. असंख्य लेखांत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो ते घोकून ते वाक्य जुळवते. ‘भूकंप’ आणि ‘धरण’ हे शब्द कागदावर वारंवार शेजारी आले, तर त्यांच्यामध्ये ‘मुळे’ घालायला त्याला वेळ लागत नाही. त्याचा ‘मुळे’ छान वळणदार असतो. पण त्याच्या पायाखाली जमीन नसते, त्यामुळे ती हलली काय आणि न हलली काय. माझे विद्यार्थी त्याचे उत्तर वहीत उतरवून आणतात. मी त्यांना एवढेच विचारतो, ‘‘यात ‘असावे’ कुठे आहे ते दाखव.’’

आता एक कठीण गोष्ट सांगायची आहे. १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी एकामागून एक धक्के बसले. त्यांतला एक ४ च्या थोडा वर होता. घाबरून माणसे बाहेर धावली, आणि त्या धावपळीत डहाणू तालुक्यात दोन वर्षांची एक मुलगी पडून दगावली. तिच्यावर घर कोसळले नव्हते.

ती कशामुळे गेली? भूकंपामुळे, म्हणता येईल. भीतीमुळे, असेही म्हणता येईल. पडल्यामुळे, असे डॉक्टर लिहील. यांतले एकही उत्तर खोटे नाही. साखळीच्या कोणत्या कडीवर आपण बोट ठेवतो, एवढाच प्रश्न आहे. भूगर्भशास्त्रज्ञाचे बोट भेगेवर जाईल. ते त्याचे कामच आहे. पण तुम्ही पाड्यावरच्या शाळेत शिक्षक असाल, तर तुमचे बोट कुठे जावे? भेग तुमच्या हातात नाही. धक्का बसला की पोरे कशी उठतात, दारात गर्दी होते का, लहानग्याला कोण उचलते, उंबऱ्याबाहेर दगड पडलेले आहेत का, हे मात्र तुमच्या हातात आहे.

बाबांना द्यायचे उत्तर मला इथे सापडले असे वाटते. ‘‘बाबा, कारण अजून पुरते ठाऊक नाही. पण कारण ठाऊक होईपर्यंत काय करायचे, ते ठाऊक आहे.’’ पाऊस असो, धरण असो, की पृथ्वीच्या पोटातली जुनी भेग असो, भिंत पडते ती एकाच रीतीने. कारवीचे कूड शेणामातीने सारवलेले जुने घर हलके असते. ते डोलते, वेडेवाकडे होते, पण माणसाला चिरडत नाही. मातीत रचलेल्या विटा-दगडांची भिंत आणि वर जड छपर, याचे भय अधिक. उशाशी वर मांडलेली पाट्या-वरवंट्यासारखी जड वस्तू खाली ठेवणे, तडा गेलेल्या भिंतीला लागून मुलांना न निजवणे, बाहेर पळायची वाट मोकळी ठेवणे, आणि दार दूर असेल तर न धावता मजबूत मेजाखाली डोके झाकून बसणे, याला कारणाचा निकाल लागण्याची वाट पाहावी लागत नाही. साहेबांनी ‘घाबरण्याचे कारण नाही’ याऐवजी ‘कारण आम्ही शोधतो आहोत, तोवर एवढे करा’ असे म्हटले असते, तर मला वाटते बाबांनी मान डोलावली असती. लोकांना अनिश्चितता सांगितली तर ते गोंधळतील, ही शिकलेल्यांची समजूत आहे. जो शेतकरी दरसाल मृगाकडे पाहून पेरतो, त्याला आपण अनिश्चितता काय शिकवणार!

त्या पाड्याजवळच्या एका शाळेत माझ्या ओळखीचे गुरुजी आहेत. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. त्यांनी त्या हिवाळ्यात मुलांकडून एक वही लिहून घेतली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे ‘काय झाले’, उजवीकडे ‘कोण काय म्हणाले’. डावीकडे ‘म्हणून’ आणि ‘मुळे’ लिहायला बंदी! सुरुवातीला मुलांची फार पंचाईत झाली. एका मुलीने लिहिले होते, ‘‘कुत्रे भुंकले म्हणून धक्का बसला.’’ गुरुजींनी विचारले, ‘‘तू आधी काय ऐकलंस?’’ ती विचारात पडली. मग तिने ते खोडले. पुढे पुढे मुले तयार झाली. वेळ, आवाज आधी की हादरा आधी, कोणत्या बाजूची भांडी पडली, भिंतीची भेग कालच्यापेक्षा वाढली का, सारे डावीकडे. आणि उजवीकडे गावभरचे सुरुंग, धरणे, तारखा, देवीचा कोप, प्रत्येकापुढे ‘म्हणे’.

पुढच्या काही वर्षांतही त्या बाजूला धक्के बसत राहिले. मी मागे गेलो तेव्हा गुरुजींनी ती वही दाखवली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, डावीकडे, पेन्सिलने एवढेच होते:

‘‘रात्री जेवताना आवाज झाला. भांडी वाजली. कोंबडी ओरडली. आधी भांडी वाजली की आधी कोंबडी ओरडली, ते मला कळले नाही. आजीला विचारले. तिलाही कळले नाही.’’

गुरुजींनी खाली तांबड्या शाईत ‘छान’ असे लिहिले होते.